सात फुटांत मावणारं घर

वेरूळ पाहायला निघालेल्या प्रवाशांना घेऊन ‘डेक्कन ओडिसी’ छत्रपती संभाजीनगरला येते, तेव्हा रुळांवर एक लांबट घरच येऊन थांबतं. 2004 साली सुरू झालेली ही गाडी कोरोनाकाळात बंद पडली आणि नवा साज लेवून सप्टेंबर 2023मध्ये पुन्हा धावू लागली. डब्याची रुंदी जेमतेम सव्वातीन मीटर. त्यातच पलंग, कपाट, न्हाणीघर आणि एका अंगाने बोळ!

इंग्लंडच्या कालव्यांवर लोक ज्या अरुंद बोटींत घर करून राहतात, त्यांना तर तेवढीही जागा नाही. तिथली जुनी जलद्वारं सुमारे सात फूट रुंद, म्हणून बोटींची रुंदी त्याहून किंचित कमी.

बोटीतल्या या घरांचा खरा शत्रू म्हणजे ओल. श्वासाची, स्वयंपाकाची वाफ थंड पोलादावर पाणी होऊन लाकडी अस्तरामागे झिरपते आणि तळाशी साचते. त्यामुळे जुनी बोट सजवताना जाणकार माणूस आधी रंगाचा डबा उघडत नाही. फळ्या उचलून तळ तपासतो, गंज खरवडतो, फोमचा थर देतो, मगच सुतारकामाला हात घालतो. जड शेगडी एका बाजूला बसवली की बोट कलते. मग दुसरीकडे वजन ठेवावं लागतं.

थंडी वाजते म्हणून हवेची जाळी बुजवणं मात्र जिवावर बेततं: शेगडीतला कार्बन मोनॉक्साइड आतच कोंडतो.