शहरी उजेडात तेजोमेघांचे छायाचित्रण

पांढुर्णा व सौसर ही गावे नागपूरच्या वायव्येस, सरळ रेषेत ६० ते ८० किलोमीटरांवर वसली आहेत. वैशाखातील रात्री धनू राशी आग्नेयेस उगवते, ती नेमकी त्या महानगराच्या उजेडातून. गावातले पांढरे दिवे आहेतच. मागच्या पिढीने अंगणातील खाटेवर पडून जी आकाशगंगा पाहिली, ती आमच्या विद्यार्थ्यांना घरून धड दिसत नाही. तरीही छायाचित्रणाला एक वाट उरली आहे.

ताऱ्याचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असतो. विरळ वायूचा तेजोमेघ मात्र मुख्यतः मोजक्याच वर्णरेषांत उजळतो. हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची हिरवट रेषा ५००.७ वर आणि गंधकाची जोडरेषा ६७२ च्या आसपास येते.

यांपैकी ऑक्सिजनच्या रेषेशी महाराष्ट्राचा जुना संबंध आहे. विल्यम हगिन्स यांना ती १८६४ मध्ये तेजोमेघाच्या वर्णपटात आढळली. ती मॅग्नेशियमची असावी, असे नॉर्मन लॉकयर यांचे मत होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी १८९१ च्या सुमारास मृगातील तेजोमेघाचा वर्णपट तपासला आणि ही रेषा रेखीव आहे, मॅग्नेशियमच्या पट्ट्याप्रमाणे एका बाजूस विरत जात नाही, असे दाखवून दिले. तिचे खरे कूळ आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये उलगडले. पुण्याची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा मात्र १९१२ मध्ये बंद झाली व तिची दुर्बीण कोडाईकनालला गेली. ही चुटपुट अजूनही लागते.

अरुंदपट्टा फिल्टर म्हणजे काचेवर अतिसूक्ष्म थर चढवून केलेली गाळणी होय. समजा, ती हायड्रोजनच्या रेषेभोवतीचा केवळ ६ नॅनोमीटरचा पट्टा आत सोडते. दृश्य प्रकाशाचा पल्ला साधारण ३०० नॅनोमीटरचा. म्हणजे सर्व रंगांत पसरलेला उजेड सुमारे पन्नासाव्या हिश्शावर येतो, आणि तेजोमेघाची ती रेषा मात्र बहुतांशी पार होते. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा उजेड ५८९ च्या आसपास एकवटलेला असल्याने तो साध्या गाळणीनेही अडवता येई. एलईडी दिव्यांचा उजेड सगळीकडे पसरतो. तिथे रुंद गाळण्या लंगड्या पडतात.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. आत येणारा प्रकाशच थोडा, म्हणून आकाशाच्या गतीने दुर्बीण फिरवीत पाच-दहा मिनिटांची अनेक चित्रे घ्यावी व ती एकत्र करावी. साध्या कॅमेऱ्यातील अंगभूत गाळणी हायड्रोजनचा तांबडा प्रकाश बराच अडवते, हेही ध्यानात असावे. हायड्रोजनच्या रेषेत पौर्णिमेच्या आसपासही काम होते (कोजागरीचे दूध आटेपर्यंत दोन-तीन चित्रे सहज होतात!), ऑक्सिजनच्या रेषेला चांदणे अधिक बाधते.

दीर्घिका, तारकागुच्छ आणि ताऱ्यांचा उजेड केवळ परावर्तित करणारे मेघ यांना हा उपाय लागू नाही. त्यांचा प्रकाश सर्व रंगांचा, दिव्यांसारखाच. गाळणी दोघांनाही सारखेच कापते. देवयानीतील दीर्घिकेसाठी दूर, अंधाऱ्या रानातच जावे लागते. शृंगाश्वातील रोझेट तेजोमेघ मात्र माघातील रात्री शाळेच्या गच्चीवरूनही टिपता येईल.