सुरकुत्यांच्या इंजेक्शनचा दर कसा ठरतो

कपाळावरच्या आठ्या आणि डोळ्यांच्या कडेच्या रेषा कमी करणाऱ्या इंजेक्शनची चौकशी विदर्भातील तिरोड्याहून फोनवर केली, तर तीन दवाखान्यांतून तीन प्रकारची उत्तरे मिळू शकतात. एक दवाखाना एका युनिटचा भाव सांगतो, दुसरा कपाळाचा एकूण खर्च सांगतो आणि तिसरा संपूर्ण चेहऱ्याचे पॅकेज पुढे करतो. हे आकडे एकमेकांशेजारी मांडून स्वस्त कोण आणि महाग कोण हे ठरवता येत नाही, कारण प्रत्येक जण वेगळ्या गोष्टीचा दर सांगत असतो. औषध किती युनिट, कोणत्या कंपनीचे, कोणाच्या हातून, कोणत्या व्यवस्थेत आणि नंतरच्या तपासणीसह की तपासणीविना, या पाच गोष्टी कळल्या की दरांतील बराचसा फरक उलगडतो.

इंजेक्शनमधील औषध म्हणजे बोटुलिनम टॉक्सिन. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जिवाणू ते तयार करतो. बिघडलेल्या अन्नातून हेच विष पोटात गेले तर श्वसनाचे स्नायू लुळे पडून माणूस दगावू शकतो. मात्र अत्यल्प मात्रेत, नेमक्या स्नायूत टोचले की मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा संदेश थांबतो आणि तेवढाच स्नायू काही महिने सैल राहतो. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरले आणि 1989 मध्ये तेथील औषध प्रशासनाने तिरळेपणा व पापण्यांच्या आकडीसाठी त्याला मान्यता दिली. कॅनडातील व्हँकूव्हरच्या जीन आणि अलास्टेर कॅरुथर्स या डॉक्टर दांपत्याने 1992 मध्ये भुवयांमधल्या आठ्यांवरील उपयोग प्रसिद्ध केला. 2002 मध्ये अमेरिकेत त्यालाही मान्यता मिळाली. आज याच औषधाने एका रुग्णाची पापण्यांची आकडी थांबते आणि दुसऱ्याच्या कपाळावरची आठी जाते. मूळ औषध एकच असले तरी पुढे दिसेल त्याप्रमाणे दोघांच्या बिलावर कर वेगळा लागतो.

दर समजून घ्यायचा तर व्हायल उघडल्यापासून सुई टोचेपर्यंतचे काम पाहिले पाहिजे. फ्रिजमधून काढलेली काचेची लहान व्हायल पहिल्या नजरेला रिकामीच वाटते. तळाशी पांढरट थराचा जेमतेम मागमूस असतो. औषधाचे वजन इतके कमी असते की ते मिलिग्रॅममध्ये मोजत नाहीत, युनिटमध्ये मोजतात. बोटॉक्स या ब्रँडच्या व्हायलमध्ये निर्वात पोकळी असते. बुचातून सुई आत जाताच सिरिंजमधले सलाईन आपोआप आत ओढले जाते. ते ओढले गेले नाही, तर ती व्हायल वापरायची नाही असे कंपनीचे माहितीपत्रक सांगते. सलाईन मिसळल्यावर व्हायल जोरजोराने न हलवता हळुवार फिरवतात आणि मग बारीक सुईच्या सिरिंजमध्ये द्रावण भरतात.

किती सलाईन मिसळले, हा दरांच्या गोंधळातला पहिला मोठा मुद्दा आहे. 100 युनिटच्या व्हायलमध्ये 2.5 मिलिलिटर सलाईन घातले, तर 0.1 मिलिलिटरमध्ये 4 युनिट येतात. 1 मिलिलिटर घातले तर 10 युनिट येतात आणि 4 मिलिलिटर घातले तर अडीच. सिरिंजमध्ये दिसणारे पाणी सारखेच असले तरी औषध चौपट कमी-जास्त असू शकते. द्रावण पातळ करण्यात मुळात काहीच गैर नाही. काही डॉक्टर विशिष्ट कारणासाठी तसे करतात, कारण पातळ द्रावण अधिक पसरते. गैर तेव्हा होते, जेव्हा रुग्णाला युनिट न सांगता "तीन सिरिंज" किंवा "दहा टोचे" असे मोजमाप सांगितले जाते. टोच्यांच्या संख्येवरून औषधाची मात्रा कळत नाही, म्हणून बिलावर युनिटचा आकडा असणे आवश्यक आहे.

चेहऱ्याच्या कोणत्या भागाला किती युनिट लागतात, याचे ठोकताळे ठरलेले आहेत. बोटॉक्सच्या माहितीपत्रकानुसार भुवयांमधल्या आठ्यांसाठी पाच जागी मिळून 20 युनिट, कपाळाच्या आडव्या रेषांसाठी 20 युनिट आणि दोन्ही डोळ्यांच्या कडांसाठी मिळून 24 युनिट देतात. तिन्ही भाग एकाच वेळी केले तर बेरीज 64 होते. प्रत्यक्षात हा आकडा चेहऱ्याप्रमाणे बदलतो. पुरुषांचे स्नायू जाड असल्याने त्यांना सहसा अधिक युनिट लागतात. पातळ त्वचेच्या किंवा पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्या व्यक्तीला डॉक्टर मुद्दाम कमी देतात. म्हणून चांगला डॉक्टर आधी रुग्णाला कपाळावर आठ्या घालायला, भुवया उंचावायला, डोळे घट्ट मिटून हसायला सांगतो, पेन्सिलीने खुणा करतो आणि त्यानंतरच किती युनिट लागतील ते सांगतो. चेहरा न पाहता फोनवर सांगितलेली एकूण रक्कम ही फार तर अंदाज असते.

दर लावण्याच्या पद्धती मुख्यतः तीन आहेत. युनिटप्रमाणे दर लावला की जेवढे औषध तेवढे पैसे होतात. हिशेब स्पष्ट राहतो, पण शेवटचा आकडा आधी नक्की सांगता येत नाही. भागाप्रमाणे दर लावला की रक्कम आधी कळते, पण कमी औषधात भागवण्याचा मोह दवाखान्याला होऊ शकतो. पॅकेजमध्ये फेशियल, पील, लेझर असे इतर उपचार मिसळलेले असतात. त्यात इंजेक्शनचा वाटा किती हे वेगळे विचारल्याशिवाय कळत नाही. लग्नसराईच्या आधी अशा पॅकेजच्या जाहिराती वाढतात, तेव्हा हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

यापुढचा फरक कंपनीचा. अमेरिकेतील ॲलर्गनचे बोटॉक्स हे सर्वांत परिचित नाव आहे आणि 2020 पासून ती कंपनी ॲबव्हीच्या मालकीची आहे. त्याशिवाय डिस्पोर्ट, झिओमिन आणि दक्षिण कोरियातील कंपन्यांची उत्पादनेही जगभर वापरात आहेत. या सर्वांचे युनिट एकसारखे नसते. औषधाची शक्ती मुळात उंदरांवरील चाचणीने ठरवली गेली आणि प्रत्येक कंपनीची चाचणीपद्धत वेगळी राहिली. त्यामुळे भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सचे 20 युनिट लागतात, तर डिस्पोर्टचे 50. डिस्पोर्टचा एका युनिटचा दर कमी दिसला म्हणून उपचार स्वस्त झाला असे होत नाही. तुलना करायची तर त्याच भागासाठी लागणाऱ्या सगळ्या युनिटच्या रकमेची करावी लागते.

व्हायल थंड ठेवण्याचा खर्चही दरात धरलेला असतो. न उघडलेली बोटॉक्सची व्हायल 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. झिओमिन खोलीच्या तापमानात चालते, पण ती मर्यादा 25 अंशांपर्यंतच आहे. मे महिन्यात विदर्भाचा पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा वितरकाकडून दवाखान्यापर्यंतच्या प्रवासात बर्फाचे पॅक, थंड पेटी, फ्रिजमधील तापमापक आणि वीज गेली तर पर्यायी व्यवस्था यांना पर्याय नसतो. जो दवाखाना हे सगळे सांभाळतो, त्याला त्याची किंमत मोजावी लागते. जो सांभाळत नाही, त्याचा दर कमी असू शकतो, पण उष्णतेने औषधाची शक्ती घटली तर कमी दराचा उपयोग उरत नाही.

लहान शहरातला दर कधीकधी मोठ्या शहरापेक्षा कमी का नसतो, याचे उत्तर वाया जाणाऱ्या औषधात आहे. सलाईन मिसळल्यावर बोटॉक्स 24 तासांत वापरावे असे माहितीपत्रक सांगते. प्रत्यक्षात अनेक दवाखाने थंड ठेवलेले द्रावण त्यापुढेही वापरतात आणि एक व्हायल अनेक रुग्णांत वाटतात. तसे करताना प्रत्येकासाठी नवी सुई आणि नवी सिरिंज लागते. हिशेबापुरते समजा की 100 युनिटची व्हायल 20,000 रुपयांना पडली. त्या दिवशी 20-20 युनिट घेणारे पाच रुग्ण आले, तर प्रत्येकामागे औषधाचा खर्च 4,000 रुपये होतो. दोनच रुग्ण आले आणि उरलेले 60 युनिट टाकून द्यावे लागले, तर तोच खर्च प्रत्येकी 10,000 रुपये होतो. नागपूरच्या धंतोली किंवा रामदासपेठेतील गर्दीच्या दवाखान्यात जागेचे भाडे जास्त असते, पण व्हायल दिवसभरात संपते. तालुक्याच्या ठिकाणी भाडे कमी असते, पण व्हायल संपेल याची खात्री नसते. म्हणूनच लहान शहरांत डॉक्टर महिन्यातला एखादा दिवस ठरवून सगळ्या रुग्णांना एकत्र बोलावतात. ही पद्धत रास्त आहे आणि रुग्णाने त्या दिवसाची वाट पाहिली तर दर खाली येऊ शकतो.

औषधाच्या खर्चानंतर येते ती डॉक्टरची फी. पापणीच्या वरचा स्नायू आणि कपाळाचा स्नायू यांच्यात अंतर थोडेच असते. सुई चुकीच्या जागी गेली किंवा मात्रा जास्त झाली तर पापणी खाली लोंबते किंवा भुवई जड होते, आणि औषधाचा परिणाम ओसरेपर्यंत काही आठवडे ते सोसावे लागते. ते लगेच उलटवणारा कोणताही उतारा डॉक्टरकडे नसतो. त्यामुळे येथे अनुभवाला पैसे मोजणे योग्यच आहे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने 2022 मध्ये सौंदर्योपचार आणि केस प्रत्यारोपणाबाबत मार्गदर्शन करताना, कार्यशाळेत हजेरी लावणे किंवा व्हिडिओ पाहणे हे पुरेसे प्रशिक्षण नाही असे स्पष्ट केले. त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर हा या कामासाठी सर्वांत भरवशाचा असतो. ब्युटी पार्लरमध्ये हे इंजेक्शन कितीही स्वस्तात मिळत असले, तरी ते घेऊ नये. मात्र महाग दर हा कौशल्याचा पुरावा नव्हे. पदवी, नोंदणी क्रमांक आणि सुई प्रत्यक्ष कोण टोचणार हे विचारणे हाच खरा तपास आहे.

बिलातला आणखी एक घटक वस्तू व सेवा कराचा. आरोग्यसेवेला या करातून सूट आहे, पण केवळ सौंदर्यासाठीच्या उपचारांना ती नाही. त्यांच्यावर कर लागतो. जन्मजात दोष, विकासातील व्यंग किंवा अपघाताने बिघडलेली रचना पूर्ववत करणे यांचा अपवाद आहे, आणि पापण्यांच्या आकडीसारख्या आजारावरचा उपचार तर आरोग्यसेवाच असतो. शिवाय वर्षाची उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असलेल्या सेवा पुरवठादाराला नोंदणी करावी लागत नाही. म्हणून एका दवाखान्याच्या बिलात कर दिसतो आणि दुसऱ्याच्या बिलात दिसत नाही, तरी दोघेही नियमात असू शकतात. सांगितलेला दर करासह की कराविना, हे आधीच विचारून घ्यावे. नोंदणी असूनही पक्के बिल न देता कर टाळणारा दवाखाना थोडा स्वस्त पडतो, पण उद्या काही बिघडले तर रुग्णाच्या हाती पुरावा राहत नाही.

डॉक्टरांच्या वर्तनाबाबतच्या 2002 च्या नियमांत दोन तरतुदी रुग्णाच्या उपयोगाच्या आहेत. डॉक्टरने आपली फी फलकावर लावावी आणि उपचार सुरू होण्याआधी ती सांगावी. याच नियमांनी रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेण्या-देण्याला मनाई केली आहे. वैद्यकीय व्यवसायात ज्याला कट म्हणतात, तो जिथे दिला जातो तिथे तो शेवटी रुग्णाच्याच बिलातून वसूल होतो. ओळखीच्या माणसाने एकाच दवाखान्याचा फार आग्रह धरला, तर दुसरीकडेही चौकशी करणे शहाणपणाचे.

उपचाराची किंमत सुई टोचल्यावर संपत नाही. परिणाम साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन ते चार महिने टिकतो. दोन आठवड्यांनी डॉक्टर चेहरा पुन्हा पाहतो आणि एखादी भुवई वर राहिली असेल तर थोडे युनिट देऊन समतोल साधतो. काही दवाखाने हा टचअप मूळ दरातच धरतात, काही त्याचे वेगळे पैसे घेतात. तिरोड्याच्या माणसासाठी हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो. हावडा–मुंबई रेल्वेमार्गावरच्या तिरोड्याहून गोंदिया सुमारे 30 किलोमीटर आणि नागपूर सुमारे 100 किलोमीटर आहे. नागपूरचा दर थोडा कमी असला, तरी पहिली भेट आणि फेरतपासणी धरली की दोन वेळचे जाणे-येणे आणि दोन दिवसांची मजुरी किंवा रजा त्यात मिळवावी लागते. परिणाम टिकवायचा असेल तर वर्षाला तीन-चार वेळा हे घडते. एका बैठकीच्या दरापेक्षा वर्षाचा एकूण खर्च पाहणे अधिक खरे आहे. हा उपचार एकदा केला म्हणून पुढे चालू ठेवलाच पाहिजे असे नाही. थांबवला तर स्नायू हळूहळू पूर्वीसारखे काम करू लागतात, चेहरा त्यामुळे अधिक बिघडत नाही.

फारच कमी दराकडे मात्र संशयाने पाहावे. 2024 मध्ये अमेरिकेच्या अनेक राज्यांत नकली बोटॉक्समुळे लोक आजारी पडले आणि तेथील औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. अशा फसवणुकीपासून बचावाचे साधे उपाय आहेत. बंद व्हायल आपल्यासमोर उघडायला सांगावी. खोक्यावरचे कंपनीचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत वाचून त्याचा फोटो घ्यावा. दिलेले युनिट बिलावर लिहून घ्यावेत. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हे इंजेक्शन टाळावे. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा मज्जातंतू-स्नायूंचा आजार असणाऱ्यांनी तो आधी सांगावा. अशी विचारपूस करण्याचा वेळही दरातच मोडतो आणि तो वाचवणारा दवाखाना खऱ्या अर्थाने स्वस्त नसतो.

दोन दवाखान्यांची तुलना करताना पुढील गोष्टी एका कागदावर लिहून घ्याव्यात: औषधाची कंपनी, त्या भागासाठी लागणारे एकूण युनिट, टोचणाऱ्या डॉक्टरची पदवी, कर, फेरतपासणी व टचअपचे पैसे आणि प्रवासखर्च. या सहा नोंदींनंतर उरलेला फरक बहुतेक वेळा भाड्याचा, सजावटीचा आणि जाहिरातीचा असतो. तो द्यायचा की नाही, हे मग रुग्ण स्वतः ठरवू शकतो.