गुरुजींना बोल लावण्याआधी

मुलाला वाचता येत नाही की आपण गुरुजींना बोल लावतो. पण एकटे गुरुजी दोन-तीन वर्ग सांभाळतात, वर निवडणुकीची कामे करतात, हे आपण पाहतो का?

शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे सरकारी व अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. वंचित घटकांतील पालकांनाही प्रमाणात जागा आहेत. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक हवेत. सरकारी शाळेचा विकास आराखडा समितीच करते. शिक्षक कमी असतील तर ती मागणी आराखड्यात लिहून घ्या.

बैठकीने रोजी बुडते, हे खरे. म्हणून आई-वडिलांनी पाळीपाळीने जावे. पालकांच्या सह्या असल्या, तर गुरुजींच्या मागणीला वजन येते.