घरात चालतं ते चिंगीचं

पहाटे ५ वाजता आमच्या घरात पहिली जाग चिंगीला येते, दुसरी आईला. गजर साडेसहाचा, पण तोवर थांबतंय कोण? नखं आत ओढून घेतलेला मऊ पंजा आईच्या पापणीवर अलगद टेकतो. तेवढ्यानं भागलं नाही, तर ओलं नाक गालाला. आई उठते, वाटीत उकडलेली मांदेली पडते आणि घर पुन्हा झोपतं. मांजराचा पिंडच झुंजुमुंजू आणि तिन्हीसांजेला शिकारीला निघायचा. एरवी दिवसाचे १२ ते १६ तास झोपेत जातात, तेही बाबांच्या आरामखुर्चीत. बाबा पेपर घेऊन चटईवर बसतात.

म्याव ही तर खास माणसांसाठीची बोली! पिल्लं आईला म्याव करतात. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी क्वचितच. वास, शेपूट, कान यांवर त्यांचं भागतं. आपल्याला ते कळत नाही, म्हणून आपल्यासाठी आवाज.

आणि भुकेली गुरगुर? ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकोम्ब यांनी २००९ मध्ये अशा गुरगुरीची ध्वनिमुद्रणं तपासली. खर्जात मिसळलेला एक उंच, बारीक स्वर त्यांना सापडला, तान्ह्या बाळाच्या रडण्याशी मिळताजुळता. कधी मांजर न पाळलेल्यांनाही ती गुरगुर जास्त निकडीची वाटली. हे वाचलं आणि आई का उठते ते मला उमगलं. दोन लेकरं वाढवलेली बाई आहे ती.

चिंगी काळी-पांढरी-केशरी. अशी तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, कारण केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याकडे एक्स एकच, त्यामुळे काळा आणि केशरी एकत्र येणं फार दुर्मीळ.

गोडाची चव तिला कळतच नाही! ती चव ओळखणारं एक जनुक मांजरकुळात निकामी झालंय, हे २००५ मध्ये उघड झालं. तरी पाडव्याला श्रीखंडाचं पातेलं उघडलं की ही पाटाशी हजर. तिला ओढ चक्क्यातल्या स्निग्धपणाची. दूध मात्र आम्ही बंद केलंय, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. आजीला हे पटवायला महिना लागला.

बाहेरून आलं की पायांना गाल घासते ना? गालापाशी गंधाच्या ग्रंथी असतात. आपल्या माणसांना आपला वास लावून ठेवायचा, हा तिचा नेम. चपला, दप्तर, इस्त्रीचे कपडे, कुणाचीच सुटका नाही.

स्वतःचं नावही तिला कळतं. जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं, की मांजरं आपलं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखतात. ‘चिंगे, खाली उतर’ म्हटलं की तिचा एक कान आमच्याकडे वळतो. उतरायचं की नाही ते ती ठरवते.

मग ही मानिनी आपणहून जाते कुणाकडे? आजीकडे. मॅकोम्ब यांच्याच गटानं २०२० मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: मांजराकडे बघत डोळे सावकाश मिटले-उघडले, की तेही तसंच करतं आणि जवळ यायला राजी होतं. आम्ही दिवसभर चुचकारतो, बोलावतो. आजी खिडकीपाशी गोधडी पांघरून बसलेली असते. थकलेल्या पापण्या हळूच मिटतात, हळूच उघडतात. समोरच्या कपाटावरून चिंगीही डोळे मिटते, उघडते आणि उतरते.

‘काय गं बये, आलीस?’ म्हणत आजी गोधडीचं टोक उचलते.