अर्धशिशी : घरगुती उपाय, त्यांचा काळ आणि त्यांची मर्यादा

अर्धशिशीचा रुग्ण प्रथमच वैद्याकडे येतो असे क्वचितच घडते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीने लावलेला सुंठीचा लेप, शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून नाकात सोडलेले तूप, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी आणि मग आयुर्वेदीय औषधालयात जाऊन 'डोकेदुखीवर काहीतरी द्या' अशी केलेली मागणी, एवढा प्रवास करून तो चिकित्सालयाची पायरी चढतो. तोवर बहुधा काही वर्षे लोटलेली असतात. रुग्णांची संख्याही लहान नाही. कर्नाटकात बंगळुरू परिसरात झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे २५ टक्के प्रौढांना वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झाल्याचे आढळले. स्त्रियांमध्ये हा व्याधी पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने अधिक दिसतो.

प्रस्तुत लेखात नवा योग सांगण्याचा हेतू नाही. आपणा सर्वांस ठाऊक असलेले उपाय कोणत्या काळी द्यावेत, त्यांचा गुण कसा मोजावा आणि कोणत्या रुग्णाच्या बाबतीत त्यांवर विसंबू नये, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

शास्त्रोक्त वर्णन

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले असून त्यांत सूर्यावर्त, अनंतवात, अर्धावभेदक व शंखक यांचा स्वतंत्र निर्देश आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील त्रिमर्मीय अध्यायात अर्धावभेदकाची हेतुमालिका येते. रूक्ष आहार, अध्यशन, पूर्वेकडील वारा, दव, वेगसंधारण, अतिश्रम व अतिव्यायाम यांनी केवळ वायू अथवा कफयुक्त वायू प्रकुपित होऊन मस्तकाचा अर्धा भाग ग्रासतो. मान, भुवई, शंखप्रदेश, कान, डोळा व कपाळ यांच्या एका बाजूस तीव्र वेदना होतात. सुश्रुतमते हा व्याधी त्रिदोषज होय, तर वाग्भटमते वातज. व्यवहारात पित्तानुबंधाचे रुग्ण पुष्कळ भेटतात. मळमळ, तोंडास आंबट-कडू पाणी सुटणे, उन्हाने वाढणे व उलटी झाल्यावर डोके उतरणे ही त्यांची लक्षणे होत.

आधुनिक निदाननिकषही याच्याशी बरेच जुळतात. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार उपचार न केल्यास वेग ४ ते ७२ तास टिकतो. वेदना बहुधा एका बाजूस, ठणकणारी व हालचालीने वाढणारी असते. सोबत मळमळ किंवा उलटी, अथवा उजेड व आवाज दोन्ही सहन न होणे ही लक्षणे असतात.

आपोआप शमणारा व्याधी

वाग्भटाचार्यांनी नोंदविलेली एक गोष्ट वैद्याने सदैव ध्यानी ठेवावी. हा व्याधी पंधरवड्याने वा महिन्याने उसळतो आणि आपला आपणच शमतो. जो वेग तीन दिवसांत स्वभावतःच ओसरणार आहे, त्या वेगात जो उपाय केला त्याला यश मिळाल्यासारखे भासते. लेपाने उतरले, तुपाने उतरले, मंत्राने उतरले, सर्वांचेच अनुभव खरे आणि सर्वांचेच निष्कर्ष संशयास्पद! 'तीन दिवसांत गुण' ही जाहिरात या व्याधीत सर्वांत सोपी आणि सर्वांत पोकळ आहे.

यावर उपाय साधा आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर डोके दुखलेल्या दिवशी एक खूण व वेदनाशामक गोळी घेतलेल्या दिवशी दुसरी खूण करण्यास रुग्णास सांगावे. स्त्रियांनी मासिक पाळीचे दिवसही नोंदवावेत. तीन महिन्यांनी खुणा मोजाव्यात. एका वेगात किती बरे वाटले यापेक्षा महिन्याकाठी दुखण्याचे दिवस किती घटले, हाच चिकित्सेचा खरा हिशेब होय.

वेगावस्थेतील उपाय

वेग सुरू झाल्यावर करावयाचे उपाय व वेग येऊ नये म्हणून करावयाचे उपाय यांची गल्लत घरोघरी होते, आणि काही वेळा आपल्याकडूनही त्यांतील भेद स्पष्ट सांगितला जात नाही. सुंठीचे उदाहरण येथे बोधप्रद ठरावे. इराणमधील १०० रुग्णांवरील व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगाच्या आरंभी दिलेले २५० मिलिग्रॅम सुंठचूर्ण हे सुमाट्रिप्टान ५० मिलिग्रॅमच्या बरोबरीने उपयुक्त ठरल्याचे दिसले. अभ्यास लहान होता व त्यात प्लासिबोचा गट नव्हता, हेही सांगितले पाहिजे. उलट ब्राझीलमध्ये १०७ रुग्णांना आल्याचा शुष्क अर्क २०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा याप्रमाणे तीन महिने प्रतिबंधासाठी देण्यात आला; २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत प्लासिबोपेक्षा अधिक लाभ आढळला नाही. सुधारणा दोन्ही गटांत झाली होती. म्हणजे सुंठ वेगाच्या आरंभी द्यावी. रोज घेतल्याने वेग टळेल असे आश्वासन देऊ नये.

वेगाची चाहूल लागताच चिमूटभर सुंठ कोमट पाण्यातून घ्यावी. वेदना पूर्ण भरात आल्यावर घेतलेले कोणतेही औषध पोटात नीट जिरत नाही, हे रुग्णास समजावून द्यावे. आम्लपित्त, पोटातील व्रण वा रक्तस्रावाची प्रवृत्ती असणाऱ्यांस, तसेच रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांस सुंठ वैद्याच्या सल्ल्यानेच द्यावी.

लेपाची निवड दोषानुरूप असावी. थंड वाऱ्याने वाढणाऱ्या व शेकाने बरे वाटणाऱ्या वेदनेत सहाणेवर उगाळलेल्या सुंठ-वेखंडाचा पातळ लेप हितावह ठरतो. दाह, डोळ्यांची लाली व उन्हाचा हेतू असल्यास चंदन व वाळ्याचा लेप लावावा. पित्तानुबंधी रुग्णाच्या कपाळी सुंठ लावल्यास त्वचेची आग होऊन वेदनेत भरच पडते. लेप वाळू लागताच काढावा. वाळलेला लेप कपाळावर ठेवून झोपण्याची पद्धत शास्त्रसंमत नाही.

मेंथॉलयुक्त बामची विक्री प्रत्येक औषधालयात होते. २०१० साली शिराझ येथील अभ्यासात कपाळ व शंखप्रदेशी लावलेल्या १० टक्के मेंथॉल द्रावणाने वेगात उपशम मिळाल्याचे नोंदले गेले. मात्र बाम डोळ्यांपासून दूर ठेवावा आणि मेंथॉल वा कापूर असलेले कोणतेही द्रव्य तान्ह्या मुलांच्या नाकातोंडाशी लावू नये, ही सूचना विक्रेत्याने न चुकता द्यावी.

मळमळ असता साळीच्या लाह्यांचे पाणी खडीसाखर घालून घोटघोट द्यावे. अंधारी, शांत खोली, कपाळावर ओले फडके आणि तळपायांस तूप लावून काशाच्या वाटीने केलेले पादाभ्यंग यांनी पुष्कळांस झोप लागते; झोपेनंतर वेग ओसरणे हा नित्याचा अनुभव आहे. उलटी होत असताना मात्र नाकात तूप वा तेल सोडू नये.

वेगांतरातील उपाय

दोन वेगांमधील काळ हाच खऱ्या चिकित्सेचा काळ होय. निदानपरिवर्जन प्रथम. उपासमार हा अर्धशिशीचा सर्वश्रुत हेतू आहे. आपल्याकडे चतुर्थी, एकादशी व श्रावणी सोमवार असे उपवास ओळीने येतात; दिवसभर चहावर राहून रात्री साबुदाणा व शेंगदाणे खाणाऱ्या स्त्रीचे दुसऱ्या दिवशी डोके उठले तर नवल नाही. उपवास सोडा, असे सांगितल्यास ती ऐकणार नाही. त्याऐवजी दूध, फळे, राजगिऱ्याच्या लाह्या, मनुका असे काही दर तीन-चार तासांनी घेण्यास सांगावे. तिचे व्रतही राहते आणि डोकेही.

चहाचे प्रमाण अधिक असल्यास ते हळूहळू उतरवावे. एकाएकी बंद केल्यानेही डोके दुखते. जागरण व रविवारची लांबलेली झोप ही दोन्ही टाळावीत. चरकोक्त पूर्ववायू व दव यांची आजची रूपे म्हणजे पहाटेचा दुचाकीवरील प्रवास आणि वातानुकूलित कार्यालयात थेट डोक्यावर येणारा झोत. तेथे कानावरून बांधलेला रुमाल हे औषधच समजावे.

सूर्याबरोबर चढणाऱ्या व कलत्या दिवसाबरोबर उतरणाऱ्या सूर्यावर्तसदृश वेदनेत सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी किंवा गूळ-तूप खाण्याचा प्रघात महाराष्ट्रात जुना आहे. स्निग्ध-मधुर आहाराने वातपित्तशमन व्हावे आणि रात्रभराची रिकामी कोठी वेळेवर भरावी, हे त्यामागील तत्त्व. मधुमेही व स्थूल रुग्णांस ते जसेच्या तसे सांगू नये. तेथे तूप घातलेली मऊ पेज पुरते.

मलावष्टंभ असल्यास रात्री भिजविलेल्या काळ्या मनुका सकाळी द्याव्यात. प्रतिमर्श नस्यासाठी गाईचे कोमट तूप अथवा अणुतैल प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब पुरेसे आहे. नवा पडसे, जेवणानंतरचा लगेचचा काळ व गर्भिणी यांत ते वर्ज्य. गिळण्याचा त्रास असणाऱ्या वृद्धांत व लहान मुलांत स्नेह श्वासमार्गात उतरून फुप्फुसास बाधा करू शकतो. म्हणून 'तुपाने काय होणार' ही वृत्ती योग्य नव्हे.

गोळ्यांची मोजणी

अर्धशिशीच्या रुग्णास विचारावयाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे 'महिन्यातून किती दिवस गोळी घेता?' साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ वा अधिक दिवस, अथवा अर्गोटामाइन, ट्रिप्टान, कोडीनसारखी अफूवर्गीय औषधे किंवा संयुक्त गोळ्या १० वा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास औषधामुळेच डोकेदुखी जडते. असा रुग्ण महिन्यातील निम्मे दिवस वा त्याहून अधिक डोके धरून बसलेला असतो. या अवस्थेत कोणताही लेप वा काढा लागू पडत नाही आणि दोष आयुर्वेदाच्या माथी येतो.

गोळ्या थांबविल्यावर साधारण २ ते १० दिवस वेदना वाढते, मळमळ व अस्वस्थता येते. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण तिसऱ्या दिवशी पुन्हा गोळीकडे वळतो. हे सांगून ठेवून त्याच दिवसांत वर दिलेले वेगावस्थेतील उपाय, विश्रांती व वैद्याचा रोजचा आधार दिल्यास पुष्कळ रुग्ण तग धरतात. अफूवर्गीय किंवा झोपेची औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांची औषधे मात्र आधुनिक वैद्यकाच्या तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच कमी करावीत.

जेथे घरगुती उपाय थांबवावेत

शंखक रोग तीन दिवसांत प्राण घेतो, असे आचार्यांनी बजावले आहे. अतिवृद्ध अर्धावभेदक डोळा वा कान निकामी करतो, हाही इशारा दिला आहे. सगळीच डोकेदुखी लेपाची नव्हे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. पुढील रुग्णास विलंब न करता रुग्णालयात पाठवावे :

१. क्षणार्धात परमोच्च तीव्रता गाठणारी, आजवर कधी न झालेली वेदना.
२. ताप, मान ताठणे, शुद्ध हरपणे वा झटके.
३. हातापायातील बळ जाणे, बोबडी वळणे, चेहरा वाकडा होणे.
४. लाल, दुखरा डोळा व अंधुक होणारी दृष्टी.
५. वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी.
६. डोक्यास मार लागल्यानंतर, गरोदरपणात वा प्रसूतीनंतर नव्याने उद्भवलेली तीव्र वेदना.

औषधालयचालकांसाठी

वनस्पतिज म्हणजे निरुपद्रवी, हा समज सोडावा. पेटासाइट्स या युरोपीय वनस्पतीची अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली शिफारस केली आणि यकृतावरील दुष्परिणामांमुळे २०१५ साली ती मागे घेतली. आपल्याकडेही सूतशेखर व लघुसूतशेखर यांतील भेद काउंटरवर विसरला जातो. लघुसूतशेखरात गैरिक व सुंठ असून नागवेलीच्या पानांच्या रसाची भावना असते. सूतशेखरात पारद, वत्सनाभ व धत्तूर आहेत. 'सूतशेखर द्या' एवढ्या मागणीवर दुसरे औषध देणे इष्ट नव्हे. अनुसूची ई-१ मधील घटक असलेल्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते, ती गिऱ्हाइकास दाखवावी. शार्ङ्गधरोक्त पथ्यादि काढा तुलनेने सौम्य असला तरी तोही दोष पाहूनच देणे श्रेयस्कर.

डोकेदुखीचे औषध मागणाऱ्या प्रत्येकास पाच प्रश्न विचारावेत. दुखणे केव्हापासून आहे? महिन्यातून किती दिवस दुखते? किती दिवस गोळी घेता? उजेड व आवाज सोसतो का, मळमळ होते का? या खेपेची वेदना नेहमीपेक्षा वेगळी आहे का? शेवटच्या प्रश्नाला 'होय' असे उत्तर आल्यास औषध न देता रुग्णास वैद्याकडे अथवा रुग्णालयात धाडावे. गोळीचे दिवस दहाच्या वर गेल्यास तेल वा बाम देऊन बोळवण न करता वैद्याची वेळ ठरवून द्यावी. या प्रश्नांस दोन मिनिटे पुरतात. त्या दिवशीची एखादी विक्री कदाचित हुकेल. परंतु वर्षानुवर्षे गोळ्यांवर दिवस काढणारा रुग्ण योग्य चिकित्सेपर्यंत लवकर पोहोचेल, आणि पुढील सर्व औषधांसाठी तो आपल्याच औषधालयात येईल.