टॉकीज गेली, पत्ता उरला! मुंबई-पुण्यातली भव्य चित्रपटगृहं नेमकी कशामुळे संपली?

'मेट्रोच्या समोर थांब, मी दहा मिनिटांत पोचतो,' बाबांचा फोन आला आणि मी मोबाइलवर जवळचं मेट्रो स्टेशन शोधायला लागले. पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन. 'अगं, कुठे आहेस? मेट्रो म्हणजे मेट्रो सिनेमा! धोबी तलावचा!'

बाबांच्या पिढीचा मुंबईचा नकाशा थिएटरवर बेतलेला आहे. मिनर्व्हाच्या पुढे, मॅजेस्टिकच्या समोर, कोहिनूरच्या गल्लीत. यातली बरीच ठिकाणं आता फक्त त्यांच्या बोलण्यात आहेत. माझ्यासारख्या, मल्टिप्लेक्समध्ये पहिला सिनेमा पाहिलेल्या पिढीला प्रश्न पडतो: लोकांचं एवढं प्रेम होतं, तर ही थिएटर्स बंद का पडली? 'लोक यायचे थांबले' हे उत्तर अर्धवट आहे. समजून घेऊया उरलेलं अर्धं.

सुरुवात कुठून झाली?

७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. भारतातला हा पहिला सिनेमाचा खेळ. त्यानंतर बरीच वर्षं सिनेमा तंबूत आणि नाटकाच्या थिएटरात दाखवला जायचा. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात लागला. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये झळकला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले आणि तिकिटं काळ्या बाजारात कित्येक पट भावाने विकली गेली.

आज कॉरोनेशन नाही. मॅजेस्टिकही नाही, तिथे त्याच नावाचं शॉपिंग सेंटर आहे. 'आलम आरा'ची तर एकही प्रिंट शिल्लक नाही. म्हणजे आपला पहिला बोलपटही गेला आणि तो जिथे लागला, ती वास्तूही गेली.

ही थिएटर्स राजवाड्यासारखी का बांधली होती?

कारण तिकीट घेणाऱ्याला फक्त सिनेमा विकला जात नव्हता. ज्या काळात घरी पंखा असणं ही चैन होती, त्या काळात थिएटरात गार हवा, गालिचा, संगमरवरी जिना आणि मखमली पडदा मिळायचा. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतून आलेला माणूस तीन तास महालात बसायचा.

कुलाब्याचं रिगल १९३३ चं. त्याचे वास्तुविशारद चार्ल्स स्टीव्हन्स हे व्हीटी स्टेशनची इमारत उभारणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे चिरंजीव. चर्चगेटचं इरॉस आणि धोबी तलावचं मेट्रो ही दोन्ही १९३८ ची. मेट्रो थेट हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने स्वतःचे चित्रपट दाखवायला बांधलं. या थिएटर्समध्ये इंग्रजी चित्रपटांचा दिमाख होता. तसाच दिमाख हिंदी चित्रपटांना मिळवून दिला तो १९४९ मध्ये मरीन लाइन्सला उघडलेल्या लिबर्टीने. मराठा मंदिर आलं १९५८ मध्ये. 'मुघल-ए-आझम'चा १९६० मधला प्रीमियर तिथलाच.

इंजिनीअरिंग शिकल्यामुळे मला यातली आणखी एक गोष्ट भावते. हजार-बाराशे खुर्च्यांच्या सभागृहात मधे एकही खांब नको, बाल्कनी पुढे झुकलेली हवी, शेवटच्या रांगेलाही पडदा पूर्ण दिसायला हवा आणि आवाज घुमता कामा नये. हे सगळं त्या लोकांनी संगणकाशिवाय, कागदावरच्या आकडेमोडीने जमवलं.

मग गणित कुठे बिघडलं?

थेट उदाहरणच घेऊ. समजा, एका थिएटरात हजार खुर्च्या आहेत. दिवसाला चार खेळ, म्हणजे विकायला रोज चार हजार तिकिटं. शहरात मोजकी थिएटर्स, घरी टीव्ही नाही आणि गाजलेला सिनेमा दोन-तीन ठिकाणीच लागलेला, अशी स्थिती असेल तर हे चालतं. 'शोले' लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हामध्ये पाच वर्षांहून अधिक काळ चालला, तो याच व्यवस्थेत. पंचवीस आठवड्यांची सिल्व्हर ज्युबिली, पन्नास आठवड्यांची गोल्डन ज्युबिली हे शब्द तिथलेच. सिनेमा थोड्या पडद्यांवर लागायचा आणि खूप दिवस चालायचा.

आता सिनेमा उलट चालतो. तो एकाच शुक्रवारी हजारो पडद्यांवर लागतो आणि बरीचशी कमाई पहिल्या तीन दिवसांत उरकतो. शनिवार-रविवारी हजार खुर्च्या कदाचित भरतील, पण मंगळवारी दुपारी दीडशे माणसं आली तर? एसी पूर्ण सभागृहाचाच लावावा लागतो. माणसं कमी म्हणून छताची उंची कमी होत नाही. वीज, पगार, मालमत्ता कर, दुरुस्ती हे खर्च तेवढेच राहतात.

मल्टिप्लेक्सने नेमका हाच पेच सोडवला. चार छोटे पडदे, चार सिनेमे. एखादा पडला तर त्याला ऐंशी खुर्च्यांच्या स्क्रीनमध्ये हलवायचं, चालला तर दोन स्क्रीन द्यायच्या. वर पॉपकॉर्नची कमाई. एक पडदावाल्याकडे हा पर्यायच नव्हता. सिनेमा पडला, की आठवडाभर सगळं थिएटर पडून.

टीव्हीने मारलं की सरकारने?

दोघांनीही थोडं थोडं. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर आणि गल्लोगल्ली व्हिडिओ कॅसेटची दुकानं आली. नव्वदच्या दशकात केबलने घराघरात सिनेमा पोचवला. कुटुंबं थिएटरपासून तुटली. उत्पन्न घटलं म्हणून डागडुजी थांबली आणि डागडुजी थांबली म्हणून उरलेला प्रेक्षकही गेला.

त्याच वर्षी, १९८२ मध्ये, मुंबईत गिरणी संप सुरू झाला. गिरणगावातल्या थिएटर्सचा हक्काचा प्रेक्षक म्हणजे पाळी संपवून येणारा कामगार. त्याचा पगारच थांबला. लालबागचं भारतमाता हे तर गिरणीच्या जमिनीवरचं थिएटर. मराठी चित्रपट आणि परवडणारं तिकीट ही त्याची ओळख. गिरण्या बंद पडल्यावर त्या जमिनीचं काय करायचं, या वादात हे थिएटरही ओढलं गेलं.

मग आलं कराचं प्रकरण. मोठ्या करमणूक करामुळे एक पडदावाले आधीच बेजार होते. २००१ च्या सुमारास राज्य सरकारने मल्टिप्लेक्स उभारणाऱ्यांना पहिली तीन वर्षं या करातून पूर्ण माफी आणि पुढची दोन वर्षं मोठी सवलत दिली. नव्या गुंतवणुकीसाठी ते धोरण असेल, पण एकाच रस्त्यावर एकाला कर आणि दुसऱ्याला माफी असा सामना सुरू झाला. २०१७ मध्ये करमणूक कर जीएसटीत विलीन झाला. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. स्वस्त तिकिटाला यात खरा दिलासा आहे, पण तो आला तोवर बहुतेकांनी शटर ओढलं होतं.

रिळं गेली, ऑपरेटर गेला

३५ एमएमच्या फिल्ममधल्या एका फुटात १६ चौकटी असतात आणि पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी पळतात. म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म. तीन तासांच्या हिंदी सिनेमाची फिल्म उलगडली तर १६ हजार फूट, जवळपास पाच किलोमीटर होते! ती डब्यांमध्ये विभागून यायची. केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर असायचे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर ठिपका चमकला, की ऑपरेटर दुसरं मशीन सुरू करायचा. खाली बसलेल्या हजार जणांना पत्ताही लागायचा नाही. जुन्या मशीनमध्ये तर दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगी पेटवून उजेड पाडायचे. कांड्या जळत जायच्या, तशी त्यांच्यामधली फट सांभाळत राहावी लागे. हे कसब वर्षानुवर्षं केबिनच्या उकाड्यात बसूनच येत असे.

मग डिजिटल प्रोजेक्शन आलं. महागड्या प्रिंटचा खर्च वाचला आणि तालुक्याच्या थिएटरातही सिनेमा मुंबईबरोबरच लागू लागला. सुरुवातीला एक पडदावाल्यांना याचा फायदाच झाला. पण सगळीकडे एकाच दिवशी सिनेमा लागला, की तो सगळीकडून एकाच आठवड्यात उतरतो. ज्युबिलीचे दिवस तिथे संपले.

सगळंच सोनेरी होतं का?

अजिबात नाही. फाटक्या खुर्च्या, ढेकूण, पायाखालून पळणारे उंदीर आणि बायकांना पाऊल ठेववणार नाही अशी स्वच्छतागृहं हाही या थिएटर्सचा भाग होता. आई सांगते, मॅटिनीला एकट्या मुलीने जाण्याचा प्रश्नच नव्हता.

सुरक्षेची बाब तर जीवघेणी ठरली. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये लागलेल्या आगीत ५९ जणांचा मृत्यू झाला. जादा खुर्च्या बसवल्यामुळे बाल्कनीतून बाहेर पडायची वाट अडली होती. जुन्या इमारतीत आजच्या नियमांप्रमाणे वाटा आणि अग्निसुरक्षा करायची म्हणजे मोठा खर्च येतो आणि बंद पडत आलेल्या थिएटरला तो झेपत नाही.

जागा एवढी मोलाची, मग टॉवर का बांधत नाहीत?

दादर, ग्रँट रोड, डेक्कन अशा ठिकाणी थिएटरच्या धंद्यापेक्षा खालच्या जमिनीची किंमत कैक पट आहे. पण महाराष्ट्रात थिएटरच्या जागेचा पुनर्विकास करताना मूळ आसनक्षमतेच्या सुमारे एक तृतीयांश क्षमतेचं थिएटर नव्या इमारतीत ठेवण्याची अट आहे. ही अट काढावी, अशी मालकांची जुनी मागणी आहे. चालवायला परवडत नाही आणि पाडून हवं ते बांधताही येत नाही, या कात्रीत अनेक थिएटर्स वर्षानुवर्षं कुलूपबंद दिसतात ती त्यामुळे. अट काढली तर उरलेली थिएटर्सही झपाट्याने जातील, ठेवली तर बंद इमारती कुजत राहतील. यावर सोपं उत्तर नाही.

जी वाचली, ती कशी वाचली?

प्रत्येकाने वेगळी तडजोड केली. मेट्रो २००६ मध्ये मल्टिप्लेक्स झालं. इरॉस अनेक वर्षं बंद राहून २०२४ मध्ये आयमॅक्स म्हणून उघडलं. बाहेरची इमारत तीच, पण आतलं सभागृह नवं. वांद्र्याच्या गेटी-गॅलेक्सीने एकाच आवारात सात पडदे केले आणि तिकीट स्वस्त ठेवलं. मराठा मंदिर १९९५ पासून 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा खेळ दाखवत राहिलं आणि स्वतःच पर्यटनस्थळ झालं. रॉयल ऑपेरा हाऊस दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये उघडलं, पण आता तिथे मुख्यतः नाटक-संगीताचे कार्यक्रम होतात.

रिगल आणि इरॉस ज्या आर्ट डेको वास्तुसमूहात मोडतात, त्याला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं. पण वारशाच्या यादीत बसतात त्या दक्षिण मुंबईतल्या देखण्या इमारती. लालबाग, परळ किंवा लॅमिंग्टन रोडच्या साध्या टॉकीजची नोंद कोण ठेवणार?

आपण नेमकं काय गमावलं?

एका छताखाली स्टॉल, अप्पर स्टॉल आणि बाल्कनी होती. हमाल पुढे बसायचा आणि डॉक्टर वर, पण शिट्टी दोघांना एकच ऐकू यायची. मल्टिप्लेक्सच्या तिकिटाने हमालाला त्या इमारतीबाहेरच काढलं. तो आता मोबाइलच्या पडद्यावर सिनेमा बघतो, एकटा.

मराठी सिनेमाचंही तसंच. १९७१ मध्ये दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळावी म्हणून शिवसेना रस्त्यावर उतरली होती. आज ती टॉकीज नाही, पण मराठी सिनेमाला सोयीची वेळ आणि पुरेसे खेळ मिळवण्याचं भांडण तसंच चालू आहे.

हे मुंबईपुरतंच नाही. नागपुरात व्हरायटी चौक हे नाव व्हरायटी टॉकीजवरून पडलं. पुण्यात मंडईजवळ १९१५ मध्ये शहरातलं पहिलं कायमस्वरूपी थिएटर, आर्यन, सुरू झालं. १९८३ मध्ये ते पाडलं गेलं. त्याच पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून रिळं, पोस्टर्स, छायाचित्रं जपतं आहे. सिनेमा जपायला संस्था आहे, पण तो जिथे बघितला, त्या जागा जपायला कुणी नाही.

गेल्या गणपतीत पुण्यात मैत्रिणीसोबत मंडईत गेले होते. गाडी कुठे लावायची, असं विचारल्यावर वाहतूक पोलिसाने हात करून सांगितलं, 'मिनर्व्हा भरलंय, आर्यनला बघा.' दोन्ही वाहनतळांची नावं. एकेकाळी हाऊसफुल्लचा बोर्ड लागायचा त्या दोन टॉकीजची. आम्ही आर्यनला गेलो. तेही फुल्ल होतं.