माशाचा कणा आणि खाद्याचे पोते

एप्रिल २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. तेव्हापासून वीजदर, कर्ज आणि विमा यांवर भरपूर बोलले गेले. खाद्याच्या पोत्यात काय असते, यावर कोणी बोलत नाही. मुरबाड-शहापूरच्या शेततळ्यात रोहू-कटला वाढवणारा असो की पालघरच्या खाजणात कोळंबी करणारा, त्याचा सर्वाधिक पैसा खाद्यावरच जातो. आणि त्या खाद्यातून सगळ्यांत आधी उडून जाते ते ‘क’ जीवनसत्त्व.

शेळी, कोंबडी स्वतःच्या शरीरात ‘क’ तयार करतात. आपल्या ताटातले जवळपास सगळे मासे आणि कोळंबी यांना ते जमत नाही; माणसासारखे त्यांनाही ते खाण्यातूनच मिळवावे लागते. जुन्या पद्धतीच्या तळ्यात कोंडा आणि शेंगदाणा पेंड टाकून भागायचे, कारण उरलेली गरज पाण्यातले शेवाळ आणि सूक्ष्म जीव भागवत. पिंजऱ्यात, टाकीत किंवा दाटीच्या तळ्यात हा नैसर्गिक चारा पुरत नाही. तिथे पोत्यात नसेल ते माशाला मिळतच नाही.

अमेरिकेतल्या मत्स्यपालकांनी याची किंमत मोजली आहे. अलाबामातील ऑबर्न विद्यापीठाचे टॉम लव्हेल यांनी १९७३मध्ये पिंजऱ्यातल्या कॅटफिशवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ‘क’ नसलेल्या खाद्यावर वाढलेल्या माशांचे कणे वाकडे झाले. त्याआधी, १९६९मध्ये, जॉन हॅल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामन व ट्राउट माशांना ‘क’ किती लागते ते मोजले होते. या गटाचे काम मला फार मोलाचे वाटते, कारण ते वाढीचे वजन मोजून थांबले नाहीत. माशांना मुद्दाम जखमा करून त्या कशा भरतात, हेही त्यांनी पाहिले. ‘क’ नसेल तर जखम नीट भरत नाही. कारण कोलॅजन हे प्रथिन घट्ट विणले जायला ‘क’ लागते, आणि हाड, त्वचा, कल्ल्यांचा आधार हे सारे कोलॅजनवर उभे असते. जाळ्यात घासलेला, वाहतुकीत खरचटलेला मासा जगतो की सडतो, याचा निकाल अनेकदा इथेच लागतो.

कोळंबीचे दुखणे आणखी नाजूक. ती वारंवार कात टाकते आणि दरवेळी कवचाखालची ऊती नव्याने उभी राहते. ‘क’ कमी पडले की तिथे काळे डाग पडतात. डोनाल्ड लाइटनर आणि सहकाऱ्यांनी १९७७मध्ये या रोगाला ‘काळा मृत्यू’ असेच नाव दिले.

गरज किती? बऱ्याच माशांना किलोभर खाद्यात २५ ते ५० मिलिग्रॅम पुरते; कोळंबीला जास्त लागते. आकडा छोटा आहे, पण साधे ‘क’, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, वाफ, उष्णता, ओलावा आणि हवा यांपुढे टिकत नाही. खाद्याची गोळी बनतानाच त्यातले बरेच नष्ट होते. उरलेले कोकणातल्या दमट गोदामात घटत जाते. त्यातही कोळंबी गोळी कुरतडत सावकाश खाते, तोवर ‘क’ पाण्यात विरघळते. म्हणून फॉस्फेटशी जोडलेले टिकाऊ ‘क’ वापरायचे. ते कारखान्यात आणि पाण्यात तग धरते, आणि माशाच्या आतड्यातले विकर त्याला मोकळे करते. तळ्याकाठी साधी पूड खाद्यावर शिंपडण्यात मला तरी पैशांचा अपव्ययच दिसतो. कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूवर ही पूड इलाज म्हणून विकणे तर शेतकऱ्याची फसवणूक आहे. पाण्यातला प्राणवायू कमी असेल, तर कोणतेही जीवनसत्त्व मासा वाचवणार नाही.

ठाणे-डोंबिवलीच्या बाजारात तळ्यातली मासळी घेणाऱ्यांनी यातून घाबरू नये. ‘क’ म्हणजे प्रतिजैविक नव्हे. माशाला ते लागतेच, आणि ते घातलेला मासा ‘औषध मारलेला’ ठरत नाही. अर्थात आपल्या ‘क’साठी आवळा आणि पेरूच खावा, कालवणातून ते फारसे मिळत नाही.

कृषीचा दर्जा खरा करायचा असेल, तर खत आणि बियाण्यांप्रमाणे मत्स्यखाद्याचेही नमुने नियमित तपासले गेले पाहिजेत. पोत्यावर ‘क’ कोणत्या रूपात आहे, किती आहे, खाद्य कधी बनले आणि कधीपर्यंत वापरायचे, हे मराठीत ठळक छापलेले हवे. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१पासून याच क्षेत्रात काम करते आहे. मत्स्यपोषणाचे ज्ञान ठाण्याच्या उंबरठ्यावर आहे. ते मुरबाडच्या शेततळ्यापर्यंत नेणे ही मत्स्यव्यवसाय विभागाची जबाबदारी आहे. वाकड्या कण्याचा मासा बाजारात कोणी घेत नाही, आणि त्याचा तोटा शेतकरी एकटाच सोसतो.